चौकशीची खिडकी

परवा सुनेनं मोबाईल माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हे वाचा जरा." फेसबुकवर 'गाडी मिळेल का?' नावाचा एक ग्रुप आहे. स्वतःची गाडी नाही पण फिरायची हौस दांडगी, अशी मंडळी त्यावर असतात. पुण्याची, नाशिकची, ठाण्याची. तिथे कुणीतरी विचारलं होतं की, अकोले तालुक्यातल्या वाटांवर लेख लिहिणारे आवारी सर हल्ली दिसत नाहीत, ते नक्की कोण आहेत? त्याखाली एका शहाण्यानं लिहिलं होतं, "असा कोणी माणूस नसणारच. इतकं बारीकसारीक माणूस लिहीत नाही. मशीनकडून लिहून घेतलेलं असणार."

मशीन! माझं डोकंच फिरलं. अहो, त्या मशीनला मी अर्धं आयुष्य चहा पाजलाय. दोन चमचे साखर जास्त घालून, आणि तरी "आज गोडाला कमी वाटतोय" हे ऐकून घेऊन. त्या शहाण्याला दोन ओळींत उत्तर द्यायला बसले होते, पण दोन ओळींत माणूस मावतो होय? म्हणून हे असं लांबलं.

अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर आमचं कँटीन आहे. आमचे हे भजी तळतात आणि मी गल्ल्यावर बसून तोंड चालवते, अशी वाटणी आहे. कँटीनच्या बरोब्बर समोर चौकशीची खिडकी. त्या खिडकीमागे रंगनाथ आवारी बसायचे. हुद्दा वाहतूक नियंत्रक, पण लोक म्हणायचे कंट्रोलर. उंच, हडकुळे, शर्टाचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं, आणि कानावर पेन्सिल. खिडकी ज्यानं कुणी बांधली त्यानं स्वतःच्या उंचीनं बांधली असावी, कारण ती फारच बुटकी. साहेब उभे राहून बोलायचे, त्यामुळे बाहेरच्या माणसाला दिसायची फक्त त्यांची हनुवटी. आख्ख्या तालुक्याला त्यांचा आवाज ठाऊक होता, हनुवटी ठाऊक होती, पण बाजारात समोरासमोर आले तर दहातला एकही ओळखायचा नाही.

त्यांचं पेटंट वाक्य एकच. "बोर्ड वाचा."

कुणीही येऊन काहीही विचारो, पहिल्यांदा "बोर्ड वाचा." खिडकीच्या डोक्यावर भला मोठा वेळापत्रकाचा बोर्ड होता, त्यावर त्यांचा भारी जीव. सणावाराला स्वतः स्टुलावर चढून पुसायचे. इतका स्वच्छ बोर्ड असताना लोक आपल्याला का छळतात, हे त्यांना कळायचं नाही. एकदा वरच्या अंगाची एक म्हातारी आली, डोक्यावर बोचकं. म्हणाली, "भाऊ, राजूरची गाडी कवा हाय?"

"बोर्ड वाचा."

"मला वाचाया न्हाई येत, बाबा."

"मग वाचणाऱ्याला विचारा."

"तेच करून ऱ्हायले ना मी. तू वाचनारा न्हाईस का?"

सगळा स्टँड हसला. आमच्या ह्यांनी झारा खाली ठेवला, म्हणजे बघा. साहेबांची हनुवटी जराशी थरथरली आणि मग त्यांनी त्या म्हातारीला असं काही सविस्तर सांगितलं, की गाडी कुठे लागेल, पुढच्या दारानं चढ, मागचं दार अडकतं, बोचकं पायाशी ठेव, टपावर टाकू देऊ नकोस, राजूरला उतरलीस की चढावर जीप उभी असते. म्हातारी म्हणाली, "बरं झालं विचारलं बाई," आणि गेली.

खरं सांगायचं तर त्यांचं नेहमीचंच असं होतं. आधी खेकसायचं, मग विचारलं त्याच्या चौपट सांगायचं. पोराला खिडकीशी बसवा पण पोटभर खाऊ घालू नका, घाट आहे. कंडक्टरला सुट्टे आधीच काढून ठेवा, तो सासरी भांडून आलाय. माणूस जाताना हमखास म्हणायचा, "बरं झालं विचारलं." साहेब ऐकलं न ऐकलंसं करायचे. पण मी समोरून बघायचे ना. कानावरची पेन्सिल काढायचे, आणि काही न लिहिता पुन्हा कानावर ठेवायचे. स्वारी खूश झाल्याची तेवढीच खूण.

आणि 'माहीत नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. गाडी कुठेतरी बंद पडलेली असायची, डेपोतून निरोप नसायचा, तरी म्हणायचे, "गाडी येणार. कवा, ते तिला माहीत." लघवीला जायचं झालं तरी खिडकीला पाटी लावून जायचे, 'पाच मिनिटांत येतो.' आणि यायचे हो खरंच.

मग निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला साहेब स्टँडवर हजर! कँटीनपुढच्या बाकड्यावर येऊन बसले आणि बराच वेळ समोर बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, ह्या अंगानं खिडकी कधी बघितलीच नव्हती. लई बुटकी हाय हो."

"आज कळलं का? लोकांच्या माना मोडल्या तिकडं वाकून वाकून."

हसले. मला वाटलं, चार दिवस येतील आणि सवय मोडेल. पण त्यांच्या घरी सवय मोडायला दुसरं काही नव्हतं. मुलगा-सून पुण्याला, भोसरीकडे. दोघांच्या नोकऱ्या, लहान पोर, म्हणून शैलाताई, त्यांची बायको, नातवाला सांभाळायला तिकडेच गेल्या होत्या. साहेबही गेले, महिनाभरात परत आले. मी विचारलं, का हो, करमलं नाही?

"तिथं मला रस्ता विचारावा लागतो, वहिनी," असं म्हणाले. एवढंच. जसं काही तुरुंगातून पळून आल्याचंच कारण सांगतायत.

तर मग सकाळी यायचे, बाकड्यावर बसायचे, दुपारी आमच्याकडचीच मिसळ-पाव नाहीतर घरून आणलेली भाकरी खायचे, आणि दिवेलागणीला घरी जायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, "कुलूप मीच लावायचं आणि मीच काढायचं. 'कुठं हुतात एवढा वेळ' असं विचारणारंबी कोणी न्हाई." मी म्हटलं, मी विचारते की. तर म्हणाले, "तुमच्या समोरच तर बसलेला असतो दिवसभर. तुम्ही काय विचारणार?"

त्यांचा एकटेपणा होता तो असा. जेवायला मिळत होतं, पेन्शन येत होती, व्हिडिओ कॉलवर नातू दिसत होता. पण आयुष्यभर ज्या माणसाला सगळ्यांनी काही ना काही विचारलं, त्याला आता कुणी काही विचारत नव्हतं. नव्या कंट्रोलरच्या खिडकीशीसुद्धा पूर्वीची गर्दी राहिली नव्हती. तरणी पोरं मोबाईलमध्ये बघतात आणि गाडीत चढतात. एखादी म्हातारी चुकून बाकड्याशी येऊन विचारायची, तेव्हा साहेब अर्धे उठायचेच.

तेव्हा आमच्या सुनेनं त्यांना तो ग्रुप दाखवला. कुणा ठाण्याच्या माणसानं विचारलं होतं की रतनवाडीला स्वतःची गाडी नसताना कसं जावं. आणि दुसऱ्यानं ठोकून दिलं होतं, "अकोल्याहून दर तासाला बस आहे."

साहेब बाकड्यावरून उठलेच. "दर तासाला? कुणाच्या बापानं सोडली?"

झालं. बसले लिहायला. बोटानं टाईप करणं जमेना, मग सुनेनं सांगितलं की बोललं की ते आपोआप लिहिलं जातं. आता साहेबांना बोलायची सवय ती स्टँडच्या माईकवरची. गळ्याचं बटण तपासलं, मोबाईल तोंडापुढे धरला आणि अस्सल कंट्रोलरच्या आवाजात सुरू झाले, "राजूरमार्गे शेंडी-भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी..." पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेडमधली सगळी माणसं उठली. कुणी पिशव्या घेतल्या, कुणी पोरं काखेला मारली, एका बाईनं तर अर्धी भजी टाकून दिली, आणि सगळा लोंढा पळाला फलाटाकडे. तिथे गाडी ना बिडी. नवा कंट्रोलर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडतोय, "अहो, मी काही बोललोच न्हाई!" मी गल्ल्यावर पोट धरून हसत होते. साहेब ओशाळले. पण पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवलीच. इतक्या दिवसांनी त्यांच्या शब्दाला माणसं उठली होती.

त्या दिवसापासून लेख सुरू झाले. बोलायचे मात्र आमच्या कोठीच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांमध्ये बसून. मला सगळं ऐकू यायचं. काय काय सांगायचे! "जीपवाला 'निघालोच' म्हणाला, तर अजून चार माणसं यायची आहेत असं समजावं." "शेवटची जीप कधी, असं विचारू नये. शेवटच्याच्या आधीची विचारावी, म्हणजे शेवटची हातात राहते." "बायकांनी अकोल्यातच मोकळं होऊन घ्यावं, पुढे सोय होईल याच्या भरवशावर राहू नये." "भात लावणीच्या दिवसांत वाटेतल्या माणसाला थांबवून रस्ता विचारू नये, त्याचे हात चिखलात असतात. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावं, त्यालाही बरं वाटतं." ही शेवटची ओळ ऐकली तेव्हा मी कोठीत डोकावले होते. पण ते बोलण्यात दंग होते.

आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी ठरलेलं, "काही अडचण आल्यास अकोले स्टँडवर कँटीनजवळ येऊन मला विचारावं. चहा माझ्याकडून."

लोकांनी ते लेख डोक्यावर घेतले. एवढे अंगठे, एवढी हृदयं, सून रोज दाखवायची. साहेब चष्मा पुसून पुसून वाचायचे. शनिवार-रविवारी पाठीला पिशव्या लावलेली पोरंपोरी गाडीतून उतरायची, हातात मोबाईल, मोबाईलवर आमच्या साहेबांचा लेख. साहेब ताठ बसायचे. इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले होते. आणि ती पोरं उतरायची, लेखात बघायची, बरोब्बर वळायची, बरोब्बर जीपपाशी जायची. बाकड्यासमोरनं पुढं जायची, मान वर न करता. अहो, थांबतीलच कशाला? सगळं लिहिलेलं होतं!

एकीनं फिरून आल्यावर ग्रुपवर लिहिलं, "सर, तुमच्या लेखामुळे कुठेही अडलं नाही. कोणाला काही विचारावंच लागलं नाही!" तिनं बिचारीनं कौतुकानंच लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचलं, मोबाईल बाकड्यावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "जन्मभर ओरडलो बोर्ड वाचा, बोर्ड वाचा. वाचायला लागले एकदाचे."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी चहा दिला.

थोड्या दिवसांनी मात्र चमत्कार झाला. लोक विचारायला यायला लागले. "आवारी सर कोण?" असं म्हणत थेट बाकड्याशी. साहेब उभे राहायचे, तिकडची हकिकत सांगायचे, चहा पाजायचे, वर आणखी चार गोष्टी सांगायचे. पोरं त्यांच्यासोबत फोटो काढायची. "बरं झालं सर, तुम्हाला विचारलं," असं म्हणायची. पेन्सिलीची नुसती ये-जा चालली होती. मी म्हटलं, देव पावला बाई.

पण मला एक शंका आली. आलेला प्रत्येक जण विचारायचा एकच गोष्ट, परतीची जीप किती वाजता? आता परतीचं तर साहेबांनी कोठीत बसून चांगलं घसा फोडून सांगितलेलं मी ऐकलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी लेख उघडला. तर परतीचा आख्खा भाग गायब. त्या जागी एक ओळ, "परतीचं स्टँडवर येऊन मला विचारावं."

मी गल्ला सोडून बाहेर आले. "साहेब, हे काय? परतीचं गाळलंत?"

बाकड्यावर बोट घासत म्हणाले, "आमटीत मीठ जरा कमी ठेवलं, की जेवणारा हाक मारतो, वहिनी. पुरतं घातलं की खातो आणि उठून जातो."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुठं जातोय?"

मला राग आला होता. पण ते असं काही म्हणाले, 'मी कुठं जातोय', की माझा राग तिथेच विरघळला. आता त्या शहाण्याला विचारते, तुझं मशीन असं करेल का रे? कुणीतरी आपल्याशी बोलावं म्हणून हातचं राखून ठेवेल का?

पुढे शैलाताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मुलाचा फोन आला आणि साहेब दोन कपडे घेऊन पुण्याला गेले. नेमकी मीही तेव्हा सुनेच्या माहेरी साखरपुड्याला. कँटीनवर आमचे हे एकटे. भजी तळताना जगबुडी झाली तरी यांना वास येतो तो फक्त तेलाचा.

दिवस आठवड्याच्या बाजाराचा. नाशिकच्या मायलेकी उतरल्या. आई चांगली थकलेली, काठी टेकत. तिचं माहेर घाटघरच्या अंगाला, लग्नानंतर फारशी गेलेली नव्हती, एकदा घर बघून यायचं मनात होतं. लेकीनं साहेबांचा लेख वाचून सगळं ठरवलं होतं. बाकडं रिकामं. तिनं ह्यांना विचारलं, "आवारी सर?" हे म्हणाले, "पुण्याला गेलेत." "जीप कुठे?" ह्यांनी झाऱ्यानं दिशा दाखवली. परतीचं तिनं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. बाजाराच्या दिवशी वरच्या जीपा दुपारी माणसं आणि सामान घेऊन वर जातात, त्या पुन्हा खाली येतच नाहीत. इथल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं, आणि म्हणूनच कुणी कुणाला सांगत नाही.

मायलेकी घर बघून फाट्यावर येऊन बसल्या. जीप येईना. अंधारून आलं, वारं सुटलं, मोबाईलला रेंज नाही. लेक पुढे वस्तीवर कुणी मिळतं का बघायला गेली आणि म्हातारी रस्त्याकडेला एकटीच बसून राहिली. शेवटी वस्तीवरच्या लोकांनी दोघींना घरी नेलं, जेवू घातलं, सकाळी जीपमध्ये बसवून दिलं. वाईट काही झालं नाही. आमच्या डोंगरातली माणसं तशी नाहीतच. पण लेकीनं घरी गेल्यावर ग्रुपवर लिहिलं, "लेख छान आहे. फक्त परतीचं त्यात नाही, ते स्टँडवरच्या एका माणसाला विचारा असं म्हटलंय. आम्ही विचारायला गेलो. तो माणूस नव्हता. माझी आई अंधारात फाट्यावर बसून होती. तिला वाटलं, मी तिला सोडून गेले."

साहेबांनी ते परतताना गाडीत वाचलं. घरी न जाता पिशवीसकट कँटीनवर आले. मी चहा पुढे केला, त्यांनी हात लावला नाही. मोबाईल माझ्यापुढे ठेवला. मी वाचलं. मग ते म्हणाले, "वहिनी, लघवीला गेलो तरी पाटी लावून जायचो मी. ह्या खेपेला पाटी लावली न्हाई."

माझ्या तोंडात 'मी सांगितलं होतं' आलं होतं, ते मी गिळलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. गळ्याचं बटण उघडं होतं, तसं मी कधीच पाहिलं नव्हतं.

त्या बाईंना त्यांनी उत्तर लिहिलं. ते मात्र बोलून नाही, एका बोटानं एकेक अक्षर शोधून. "चूक माझी आहे. परतीची वेळ मला माहीत होती. मी लिहिली नव्हती." का लिहिली नाही, असं त्या बाईंनी विचारलं नाही, आणि साहेबांनीही सांगितलं नाही.

मग माणसानं एकच ध्यास घेतला. रोज सकाळी जीपमध्ये बसून वर जायचे. राजूर, शेंडी, रतनवाडी, घाटघर. प्रत्येक फाट्यावर उतरायचे, जीपवाल्यांना विचारून घ्यायचे, कधी कधी मुद्दाम गाडी चुकवून बघायचे, की चुकली तर माणसानं काय करावं. आणि आल्यावर कोठीत बसून लेख नव्यानं सांगायचे. परतीचं सगळं. बाजाराच्या दिवशीचं सगळं. धुकं पडलं तर काय, रेंज कुठल्या वळणावर येते, फाट्यावर बसायला आडोसा कुठे आहे, म्हातारं माणूस बरोबर असेल तर कुठल्या वस्तीवर आधीच सांगून ठेवावं. कुठे फट म्हणून ठेवली नाही. आणि सगळ्या लेखांच्या शेवटची ती ओळ काढून टाकली.

मी म्हटलं, "अहो, चहाचं तरी राहू द्या. चहानं काय बिघडतंय?"

"चहाला माणूस थांबतो," म्हणाले, "आणि तेवढ्यात जीप जाते."

त्यानंतर कुणी आलं नाही. लेख सगळीकडे फिरत होते, लोक येत होते, जात होते, कुणी अडत नव्हतं. साहेब बाकड्यावर बसलेले असायचे. काही काही दिवस तर त्यांच्याशी बोललेला पहिला आणि शेवटचा शब्द माझाच असायचा, "चहा?" आमचे हे कधी बोलत नाहीत, पण एकदा भज्यांची प्लेट घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसले. दोघंही समोर बघत होते. मला तेवढ्यात रडूच आलं, उगाच कोठीत कांद्याच्या पोत्यांमध्ये जाऊन बसले.

पावसाळा सरल्यावर शैलाताईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ठरलं आणि मुलानं हट्टच धरला, आता इथेच राहा. साहेबांनी या वेळी 'नाही' म्हटलं नाही. घराची किल्ली आमच्याकडे दिली, महिन्यातून एकदा दार उघडून हवा खेळवायला.

जायच्या दिवशी दुपारी आले. एक बॅग, एक पिशवी. बाकड्यावर बसले. पुण्याची गाडी यायला अवकाश होता. तेवढ्यात नाशिककडची गाडी लागली आणि त्यातून दोघी उतरल्या, एक मध्यमवयीन बाई आणि काठी टेकत एक म्हातारी. आमचे हे झारा घेऊनच बाहेर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, त्याच ह्या. घाटघरवाल्या."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. मी हाक मारायला तोंड उघडणार, तर त्यांनी नुसता हात वर केला, थांबा म्हणून. आईला माहेरची ओढ पुन्हा घेऊन आली होती. म्हातारी बाकड्यावर टेकली, साहेबांपासून हातभर अंतरावर. धाप लागली होती. म्हणाली, "कुनाला तरी इचारून घे गं बाई. मागल्या वक्ताला काय झालं!"

लेकीच्या हातात मोबाईल होता. "कुणाला विचारायची गरज नाही, आई. या वेळी सगळं लिहिलंय. परतीचंसुद्धा." आणि मोठ्यानं वाचत, आईला हाताला धरून, ती जीपच्या दिशेनं निघाली. ती वाक्यं मी कोठीतनं ऐकलेली होती, साहेबांच्या आवाजात. म्हातारीनं उठताना आधारासाठी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "दमानं," असं साहेब म्हणाले, आणि ती गेली.

वळणापर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर चालल्यात."

पुण्याची गाडी आली. समोरच लागली, कँटीनपासून बारा पावलांवर. कंडक्टर दारात उभा राहून "पुणे, पुणे" ओरडत होता. साहेब उठले, बॅग उचलली, आणि गाडीकडे जायचं सोडून माझ्या गल्ल्याशी आले. गल्ल्याची जाळी खाली आहे, ते चांगले कमरेत वाकले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, पुण्याची गाडी लागली का हो?"

क्षणभर मला कळेना. मग कळलं. मी पदराला हात पुसले, नीट उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लागली, ती काय समोर. पुढच्या दारानं चढा. डाव्या बाजूला बसा, पुढे ऊन उजवीकडनं येतं. नारायणगावला थांबते पण लांब जाऊ नका, हा ड्रायव्हर हॉर्न देत नाही. नाशिक फाट्याला उतरा, मुलाला आळेफाट्यावरनंच फोन करून ठेवा. पाणी घेतलंय का? पोचलात की कळवा. आणि तिथं रस्ता विचारायला लाजू नका.

ते जाळीशी वाकून, मान खाली घालून, एकेक शब्द ऐकत होते. कंडक्टरनं घंटी मारली.

"बरं झालं विचारलं," म्हणाले, आणि बोर्डाकडे न बघता गाडीत चढले.